चार तारांच्या मूर्खपणाची थोरवी

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खलक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी. पहिला मूर्ख अजाण असतो. दुसऱ्याला सगळं ठाऊक असतं, हित-अहित कळतं, आणि तरी तो करायचं तेच करतो. समर्थांनी त्याला दूषण दिलं. मी त्याच्याच एका जातीची स्तुती करायला बसलो आहे: नवी बेस गिटार घ्यायची म्हणून प्रिसिजन की जॅझ, चार तारा की पाच, पडदे हवेत की नकोत, याच विचारात महिनोन्महिने बुडालेल्या माणसाची. ही स्तुती मनापासून आहे.

या माणसाविरुद्धचा खटला भक्कम आहे, हे आधीच मान्य करतो. वाद्यवृंदात बेसवाल्याकडे सगळ्यात कमी लोक बघतात. कार्यक्रम संपवून घरी निघालेल्यांना गायक आठवतो, ढोलकीवाला आठवतो, लीड गिटारवाला आठवतो. मागे उभं राहून मूळ स्वर धरून ठेवणारा आठवत नाही. बेस मध्येच बंद पडली तर काहीतरी गेलं हे सगळ्यांना जाणवतं, पण काय गेलं ते सांगता येत नाही. अशा वाद्याच्या दोन नमुन्यांतला फरक ड्रम, कीबोर्ड आणि दोन गिटारींच्या गदारोळात कुणाला ऐकू येणार? अनुभवी वादकही अशा वेळी डोळे मिटून फसतात. आमच्या मूर्खाला हे पाठ असतं. तोच ते इतरांना समजावून सांगतो. आणि पुढच्या रविवारी पुन्हा मुंबईत धोबीतलावच्या दुकानात जाऊन तीच बेस तिसऱ्यांदा वाजवून बघतो.

शहाणे लोक त्याला म्हणतात, कुठलीही एक घे आणि रियाज कर. रियाजाबद्दल त्यांचं बरोबर आहे. बाकीच्याबद्दल नाही, कारण त्यांच्या सल्ल्याने जग चाललं असतं तर निवडायला हे वाद्यच नसतं.

त्याची कुळकथाच बघा. 1930 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत सिअॅटलच्या पॉल टुटमार्क यांनी ऑडिओव्हॉक्स 736 नावाची भरीव लाकडाची, पडद्यांची, विजेवर चालणारी बेस बनवली. आडवी धरून वाजवायची. कल्पना अगदी बरोबर होती आणि फारशी कुणी विकत घेतली नाही. माणसाएवढा डबल बेस खांद्यावर घेऊन गावोगाव फिरणाऱ्या वादकांनीही घेतली नाही. शहाणपणाच्या हिशेबाने ते प्रकरण तिथेच मिटलं. मग 1951 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावच्या लिओ फेंडर यांनी तेच पुन्हा केलं. लिओ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. वाजवून दाखवायला ते वादकांना बोलावत आणि स्वतः ऐकत बसत. जे वाद्य वाजवता येत नाही ते बनवायचं, ज्या वादकांनी मागितलेलं नाही त्यांच्यासाठी बनवायचं, आणि एकदा आपटलेली कल्पना पुन्हा उचलायची. याला मूर्खपणा म्हणायचं नसेल तर मग त्या शब्दाचं काय करायचं? त्यांनी तारेची लांबी 34 इंच ठरवली. डबल बेसची तार त्याहून बरीच लांब असते, साधी गिटार बरीच आखूड. 34 चा हा आकडा आजही बहुसंख्य बेस गिटारींना लागू आहे. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो, म्हणून नाव ठेवलं प्रिसिजन.

इथे शहाणा माणूस थांबला असता. लिओ थांबले नाहीत. 1957 मध्ये त्यांनी प्रिसिजनचा पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेत उतरवणारा भाग, दोन तुकड्यांत तोडला, एक तुकडा जाड दोन तारांखाली आणि दुसरा बारीक दोन तारांखाली. ती रचना इतकी पक्की ठरली की आजची प्रिसिजन तिच्यावरच उभी आहे. आता तर वाद्य पूर्ण झालं होतं. तीनच वर्षांनी, 1960 मध्ये, त्यांनी स्वतःच्याच वाद्याला प्रतिस्पर्धी म्हणून जॅझ बेस बाजारात आणली. 1965 मध्ये कंपनी सीबीएसला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकली गेली. 1976 मध्ये म्युझिक मॅन या दुसऱ्या कंपनीतून स्टिंगरे आली, तिच्यामागेही लिओच. त्यानंतर जी अँड एल ही तिसरी कंपनी काढून ते पुन्हा नव्या बेस बनवायला बसले. ज्या माणसाने हे वाद्य जगाला दिलं त्याला स्वतःला एका नमुन्यावर समाधान मानता आलं नाही. मग दुकानात दोन बेस मांडीवर आलटून पालटून घेणाऱ्या पोराला आपण कुठल्या तोंडाने बोलायचं?

आता मूळ प्रश्न. प्रिसिजन की जॅझ?

प्रिसिजनचा तोडलेला पिकअप तारेच्या साधारण मधल्या भागाखाली बसतो. त्याच्या दोन तुकड्यांतली वेटोळी एकमेकांच्या उलट असतात, म्हणून विजेची घरघर आपोआप कटते. नॉब दोनच: एक आवाजाचा, एक टोनचा. आवाज जाड, भरीव, मध्यमात ठासलेला. गर्दीतही स्वतःची जागा सोडत नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना ती आवडते, कारण तिच्यासाठी फार काही करावं लागत नाही. जॅझवर दोन पिकअप असतात, एक मधे आणि एक ब्रिजजवळ, म्हणजे घोडीपाशी. ब्रिजजवळ तार कमी हलते, तिथे मूळ स्वर बारीक आणि वरचे उपस्वर जास्त, म्हणून तिथला आवाज नाकातून आल्यासारखा, धारदार. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की काही मध्यम स्वर एकमेकांना खातात आणि खाली गोल, वर लखलखीत असा आवाज येतो. घरघरही जाते. पण एक नॉब केसभर मागे घेतला की आवाजाला हवी ती गुरगुर येते आणि तिच्याबरोबर घरघरही परत येते. गुरगुर हवी तर घरघर सोसा, हा जॅझचा व्यवहार आहे. मानेच्या टोकाशी जॅझची रुंदी 38 मिलिमीटर. जुन्या प्रिसिजनची 44 च्या आसपास. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो. डाव्या हाताच्या पंजात तो पहिल्या पडद्यापाशीच कळतो.

आमचा मूर्ख हे सगळं समजून घेतो आणि अत्यंत तर्कशुद्ध निर्णय करतो: प्रिसिजनमध्ये एकच आवाज, जॅझमध्ये अनेक, म्हणून जॅझ. जॅझ घरी येते. काही आठवडे तो नॉब फिरवतो. हळूहळू ब्रिजकडचा पिकअप कमी करत जातो, टोन खाली आणतो, आणि एका संध्याकाळी त्याच्या लक्षात येतं की आपण जॅझमधून प्रिसिजन काढायचा प्रयत्न करतो आहोत. मग तो प्रिसिजन आणतो. प्रिसिजनवर त्याला ब्रिजकडची ती गुरगुर आठवायला लागते. मग दोन्ही पिकअप एकाच लाकडावर बसवलेली तिसरी, जिला वादक पीजे म्हणतात, ती मागवतो.

घरचे याला उधळपट्टी म्हणतात. माझ्या मते या काळात त्या माणसाला जे मिळालं ते दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळालं नसतं. पिकअप दोन इंच पुढे-मागे सरकला की स्वराचं काय होतं हे त्याच्या कानाला कळलं. उजवा हात ब्रिजकडून मानेकडे नेला की नॉब न फिरवताही आवाज बदलतो, हे त्याला त्यातूनच सापडलं. एकच बेस घेऊन वर्षभर वाजवणाऱ्या शहाण्याला हे सापडेलच असं नाही, कारण त्याला कधी तुलनाच करावी लागली नाही. आवाज वाद्यात किती आणि हातात किती, हा प्रश्न सोडवायला दोन वाद्यं लागतात. एका वाद्यावर तो प्रश्न पडतसुद्धा नाही.

आपल्याकडे या मूर्खपणाला जुनी प्रतिष्ठा आहे, फक्त वेगळ्या वाद्याच्या बाबतीत. मिरजेत जाऊन भोपळा ठोकून बघणारा, तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवत जवारी लावत बसलेला गवई आपल्याला वेडा वाटत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. खरं तर मैफलीत तंबोरा ऐकायला कुणी येत नाही. श्रोता गाणं ऐकतो आणि तंबोरा त्याच्या खालून वाहत असतो. पण जवारी उतरली की गाणाऱ्याचा षड्ज डळमळतो, आणि मग श्रोत्यालाही चुळबुळ होते. बेसचं काम याच जातीचं आहे. ज्या घरात तंबोऱ्यासाठी मिरजेला जायला आठवडा मोडला जातो, त्या घरात मुलाने बेससाठी तीन दुकानं पालथी घातली तर कौतुक व्हायला हवं.

प्रिसिजन आणि जॅझ यांच्यापलीकडे स्टिंगरे आहे. तिच्यावर ब्रिजकडे सरकलेला एकच मोठा पिकअप आणि आत 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअॅम्प. लुई जॉन्सन यांचा अंगठा आणि शिक या बँडच्या बर्नार्ड एडवर्ड्स यांची बोटं तिच्यावर चालली आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी नाचाच्या संगीताला जी धार आली तिच्यात या वाद्याचा वाटा आहे. तिची वायर वाद्यात लावली की प्रीअॅम्प सुरू होतो. वायर काढायला विसरलात तर बॅटरी रात्रभर जळत राहते. तरीही लोक ती घेतात, आणि घ्यावी. रिकनबॅकरच्या 4001 चं प्रेम आणखी अवघड. तिची मान बॉडीतून आरपार जाते, आवाज तारेवर तार घासल्यासारखा खणखणीत, आणि तिच्यावर हात बसायला वेळ लागतो. येस या बँडचे ख्रिस स्क्वायर आणि मोटरहेडचे लेमी यांच्या संगीतात साम्य शोधून सापडणार नाही, पण दोघांनी त्याच घराण्याची बेस उचलली.

जर्मनीच्या हॉफनरची 500/1 मात्र सगळ्या तर्काविरुद्ध आहे. व्हायोलिनच्या आकाराची, पोकळ, हलकी, तारांची लांबी 30 इंच. पॉल मॅकार्टनी यांनी 1961 मध्ये हॅम्बुर्गला ती घेतली. परवडत होती हे एक कारण. दुसरं असं की ते डावखुरे, आणि दोन्ही बाजूंनी सारखी असलेली बेस उलटी धरली तरी विचित्र दिसत नाही. दिसण्यावरून वाद्य निवडणं हा मूर्खपणाचा कळस समजला जातो. त्या कळसावर बीटल्सचं सुरुवातीचं सगळं संगीत उभं आहे. 1972 मध्ये ती बेस लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेली. तिचा शोध पन्नास वर्षांनंतरही चालू होता, आणि ती सापडून मालकाकडे परत आल्याचं 2024 मध्ये जाहीर झालं. हवी ती बेस विकत घेऊ शकणाऱ्या माणसासाठी लोकांनी एक जुनी स्वस्त बेस इतकी वर्षं शोधली. मला हे अगदी योग्य वाटतं.

पण या मूर्खपणाचा खरा संत डेट्रॉइटचा. जेम्स जेमरसन हे मूळचे डबल बेसवाले. मोटाउन कंपनीच्या छोट्या स्टुडिओत त्यांनी 1962 ची एक प्रिसिजन वाजवली, तिचं नाव त्यांनी फंक मशीन ठेवलं होतं. तारा जाड, सपाट वेटोळ्याच्या. त्या ते बदलत नसत. तुटली तर तेवढी एक बदलायची. तारांवर साचलेल्या मळातच आवाज आहे अशी त्यांची श्रद्धा. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, म्हणजे स्वर उमटला की लगेच विझावा. वाजवायचं उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने. आज कुठल्याही वर्गात गेलात तर शिक्षक सांगेल की तारा ताज्या ठेवा, वाद्य पुसून ठेवा, दोन बोटं आलटून पालटून वापरा. हे नियम मोडूनच साठच्या दशकातली अमेरिका नाचवली गेली.

जेमरसन यांच्या बाबतीत मला सर्वात महत्त्वाची वाटते ती त्यांची अनामिकता. मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावं छापली जात नसत. 1971 च्या मार्विन गे यांच्या व्हॉट्स गोइंग ऑन या अल्बमवर ती छापली गेली, तोपर्यंत जेमरसन यांची असंख्य गाजलेली गाणी वाजवून झाली होती. नाव नाही, चेहरा नाही. कंपनीला सुपरहिट गाणं हवं होतं. बेसवर तारा नव्या आहेत की जुन्या याची चौकशी करायला कुणी येत नव्हतं. व्यवहाराच्या हिशेबाने त्यांनी कुठलीही बेस, कुठल्याही तारा लावून वाजवली असती तरी पगार तोच होता. त्यांनी स्वतःचा हट्ट धरला. 1983 मध्ये ते गेले. त्याच्या थोडं आधी ती प्रिसिजन चोरीला गेली होती. 2000 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने पडद्यामागच्या वादकांचा पहिला सन्मान केला तेव्हा त्यांत त्यांचं नाव होतं. ऐकणाऱ्याला कळत नाही म्हणून निवडीला अर्थ नाही, असं म्हणणाऱ्यांनी त्यांची कुठलीही एक तबकडी लावावी आणि फक्त बेस ऐकावी. लाखो लोकांना वाद्याचं नाव कळलं नाही, वाजवणाऱ्याचंही नाही. काय ऐकू येतंय ते मात्र त्यांच्या पायांना बरोबर कळलं.

मुंबईतही हेच घडलं आहे. हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत आधी डबल बेस होता, मग बेस गिटार आली. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत. तबकडीवर गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं, बेसवाल्याचं नाही. सत्तरच्या दशकातलं एखादं गाणं पुन्हा लावा आणि मुखडा सुरू होण्याआधी खाली काय चाललंय ते बघा. गोव्याहून आलेल्या कित्येक वादकांनी या शहराला हे वळण लावलं. त्या काळात परदेशी वाद्य मिळणं महाकठीण: आयातीवर निर्बंध, वर जबर जकात. कुणी जहाजावरच्या नातेवाइकाकडून मागवायचं, कुणी परतीला निघालेल्या परदेशी वादकाकडून विकत घ्यायचं. निवडच नव्हती म्हणून हा मूर्खपणा त्यांच्या वाट्याला फार आला नाही, पण एका बेससाठी वर्षानुवर्षं थांबायची त्यांची तयारी त्याच रक्ताची होती. आज फुर्टाडोजसारख्या, 1865 पासून चालत आलेल्या दुकानात भिंतभर बेस टांगलेल्या असतात. भिंतीपुढे उभं राहून गोंधळायची चैन ही आधीच्या पिढीने न भोगलेली चैन आहे, ती मनसोक्त भोगावी.

बिनापडद्यांच्या बेसचा मोह ज्याला झाला त्याच्यासाठी जॅको पास्टोरियस यांचं नाव पुरेसं आहे. जन्म 1951 चा, प्रिसिजन ज्या वर्षी आली त्याच वर्षाचा. त्यांनी 1962 च्या जॅझ बेसचे पडदे काढून टाकले, खाचा बुजवल्या आणि वरून होड्यांना लावतात ते इपॉक्सी थापलं. गोल वेटोळ्याच्या खरखरीत तारा लाकूड खातात, म्हणून हे कवच. उत्तम स्थितीतली फेंडर अशी सोलून काढणं हा कुठल्याही जाणत्या कारागिराच्या मते गुन्हा. त्या सोललेल्या बेसमधून 1976 ला त्यांचा पहिला अल्बम आला आणि बेस गिटार माणसासारखी गाऊ शकते हे पहिल्यांदा सगळ्यांना कळलं. लिओ फेंडर यांनी स्वर नेमका लागावा म्हणून पडदे बसवले होते. जॅको यांनी ते काढले, कारण त्यांना मींड हवी होती. दोघांचंही बरोबर. 1986 मध्ये ती बेस न्यूयॉर्कच्या एका बागेतून चोरीला गेली, पुढच्या वर्षी जॅको वारले, आणि सुमारे दोन दशकांनी ती पुन्हा उजेडात आली. ती त्यांच्या कुटुंबाच्या हाताबाहेर जाऊ नये म्हणून मेटालिकाचे बेसवादक रॉबर्ट ट्रुहियो यांनी पैसे भरले. ज्यांच्या संगीताची जॅकोंच्या संगीताशी सोयरीक लावता येत नाही अशा माणसाने हे करावं, यात या मूर्खांचं भावबंधन दिसतं.

लाकडाचा प्रश्न उरतो, आणि तिथे या मूर्खपणाचा धागा थेट आपल्या डोंगरांत येतो. बेसच्या मानेवरच्या पट्टीसाठी मेपल की रोजवूड, यावर वादक रात्री जागवतात. जगभरातल्या गिटारींना लागणारं इंडियन रोजवूड म्हणजे आपली शिसव; सह्याद्रीत ती उगवते. 2 जानेवारी 2017 पासून वन्य प्रजातींच्या व्यापाराचे नियम कडक झाले आणि रोजवूडची पट्टी असलेलं वाद्य परदेशी विकायचं तर परवाना लागू लागला. 2019 च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. मधल्या काळात कंपन्यांनी दुसरी लाकडं वापरली, आणि वादकांनी त्या लाकडांवरही तितक्याच निष्ठेने वाद घातले. विजेच्या बेसमध्ये पट्टीच्या लाकडाने आवाजात किती फरक पडतो हा वादाचाच विषय आहे. बोटाखाली मात्र शिसव आणि वार्निश केलेलं मेपल वेगळं लागतं, आणि बोटांना जे आवडतं त्याच्याकडे माणूस रोज परत जातो. मुंबईत लाकडाची आणखी एक परीक्षा होते. जूनमध्ये हवा ओली झाली की लाकूड पाणी पितं, मान हलते, तारा पट्टीपासून उठतात किंवा पडद्यांवर खडखडतात. मग ऍलन की घेऊन मानेतली सळई पाव फेरा फिरवायची आणि ऑक्टोबरात परत उलटी. दुकानात फेब्रुवारीत आवडलेली बेस जुलैतही आवडते का, हे बघणारा ग्राहक माझ्या दृष्टीने सगळ्यात पुढचा.

याच मुंबईत मोहिनी डे यांच्यासारखी बेसवादक घडली, लहानपणी वडिलांकडून शिकून आज जगभर वाजवते, ही गोष्ट शहाण्या मंडळींना हवीहवीशी वाटते. त्यांनी हेही लक्षात घ्यावं की त्या घरात आधीच कुणीतरी बेस वेडाने वाजवत होतं.

शेवटी पाच तारांचं. चार तारांच्या बेसची सर्वात खालची तार ई, सेकंदाला सुमारे 41 कंपनं. पाच तारांवर त्याखाली बी येते, 31 च्या आसपास. हा स्वर मोबाइलच्या स्पीकरला काढताच येत नाही. घरच्या लहान स्पीकरमधूनही तो त्याच्या उपस्वरांवरूनच ओळखू येतो. म्हणजे बहुतेक श्रोत्यांपर्यंत प्रत्यक्ष पोहोचणारच नाही अशा स्वरासाठी जास्त पैसे, रुंद मान आणि खांद्यावर जास्त वजन. तरी घ्यायचीच असेल तर हे करा. दुकानात बी ची तार पाचव्या पडद्यावर दाबा. तिथे ई येतो. मग शेजारची ई मोकळी वाजवा. स्वर तोच, उंचीही तीच. पहिला ई ढिला, चिखलात पाय रुतल्यासारखा वाटला आणि दुसरा ताठ, तर ती बेस परत टांगायला सांगा आणि 35 इंची तार असलेली एखादी काढून मागा. ती पण नाही जमली तर आणखी एक. दुकानदाराची घाई असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडतानाच जा. तेव्हा गर्दी नसते आणि अॅम्प मोठ्याने लावू देतात.